स्मार्ट नगराचे संशोधन आणि त्यातला माणूस : हमरापूरच्या निमित्ताने

'स्मार्ट सिटी' हा शब्द आपल्या भागात आता नवा राहिलेला नाही. पनवेल-पेण पट्ट्यातील भूखंडांच्या जाहिरातींत तो दिसतो, मंत्र्यांच्या भाषणांत ऐकू येतो आणि 'तिसरी मुंबई' या दुसऱ्या शब्दाशी त्याची जोडी लावली जाते. परंतु या शब्दाच्या पोटात नेमके काय आहे, त्यामागे कोणत्या प्रकारचे संशोधन चालते आणि त्या संशोधनात समाजाचा, विशेषतः ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही अशा माणसांचा विचार कुठे येतो, याची चर्चा आपल्या वस्त्यांतून अद्याप पुरेशी झालेली नाही. विद्यार्थीमित्रांना आणि मंडळाच्या सभासदांना या विषयाची तोंडओळख व्हावी एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. उदाहरणासाठी पेण तालुक्यातले हमरापूर घेतले आहे, कारण दूरच्या शहराच्या गोष्टीपेक्षा दारातली गोष्ट लवकर समजते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केले आणि देशातील १०० शहरे त्यासाठी निवडली. गंमत अशी की, अभियानाच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच 'स्मार्ट सिटीची सर्वमान्य व्याख्या नाही' अशी कबुली दिलेली आहे. व्यवहारात मात्र अर्थ ठरून गेला. रस्त्यावर कॅमेरे, दिव्यांच्या खांबांवर व पाण्याच्या नळांवर मोजमाप करणारी यंत्रे, कचऱ्याच्या गाड्यांवर नजर आणि ही सर्व माहिती एका मोठ्या खोलीत पडद्यावर पाहणारे नियंत्रण केंद्र. आपल्या राज्यातून पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि तेव्हाचे औरंगाबाद ही शहरे त्यात होती. ३१ मार्च २०२५ रोजी अभियानाची मुदत संपली. तोवर आठ हजारांच्या आसपास कामे हाती घेतली गेली आणि त्यांची किंमत सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपये होती. ही नियंत्रण केंद्रे २०२० च्या कोरोना साथीत अनेक शहरांत उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. खाटा किती रिकाम्या, रुग्णवाहिका कुठे, याची माहिती तिथूनच दिली जात होती.

हे काम महापालिकांनी थेट केले नाही. प्रत्येक शहरासाठी कंपनी कायद्याखाली एक वेगळी कंपनी काढावी लागली. नगरसेवकाला आपण प्रश्न विचारू शकतो, पण कंपनीच्या संचालकाला विचारणार कोण, हा मुद्दा त्यावेळी पुष्कळ ठिकाणी निघाला. नवी मुंबई महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१५ मध्ये अशी कंपनी काढण्याचा प्रस्ताव फेटाळून लावला. दुसरा मुद्दा जागेच्या निवडीचा. अभियानातील पैशाचा मोठा वाटा संपूर्ण शहरासाठी नव्हता, तर शहरातल्या एका निवडक भागासाठी होता. पुण्याने औंध-बाणेर-बालेवाडी हा पट्टा निवडला. तो पुण्यातील झोपडपट्ट्यांचा पट्टा नव्हे, हे पुणे पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता 'संशोधन आणि विकास' म्हणजे काय ते पाहू. यंत्र तयार करणे हा त्याचा एक भाग झाला. पण त्याआधी एक पायरी असते : कोणता प्रश्न सोडवायचा हे ठरवण्याची. आमच्या मते समाजाचा संबंध खरा तिथे येतो. यंत्र जातपात पाळत नाही हे बरोबर, पण यंत्राला कोणते काम सांगायचे हे माणूस ठरवतो.

सफाईचे उदाहरण घ्या. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर, ते कोठे आहेत हे उपग्रहाद्वारे दाखवणारी घड्याळे बांधली. कामगार हद्दीबाहेर गेला, जागेवरून हलला नाही, तर ते नियंत्रण केंद्रात कळते आणि पगारावर त्याचा परिणाम होतो. चंदीगडसारख्या इतर शहरांतही हा प्रयोग झाला आणि कामगार संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. सफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजाच्या माथी आले आहे हे आपल्या वाचकांना माहीत आहे. शहराच्या बुद्धीचा पहिला उपयोग त्याच माणसावर पहारा ठेवण्यासाठी व्हावा, हा योगायोग नाही. याउलट केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचे यंत्र बनवले. ते गटाराच्या तोंडाशी उभे राहून आतला गाळ काढते, माणसाला आत उतरावे लागत नाही. २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे ते प्रथम वापरात आले. हाताने मैला साफ करण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने बंद आहे, तरी गटारात गुदमरून माणसे मरत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. घड्याळ आणि बँडिकूट ही दोन्ही 'स्मार्ट' साधने आहेत. दोन्हींत विद्युतशास्त्राचे ज्ञान सारखेच लागते. एकाने विचारले, 'कामगार काम चुकवतो का?' दुसऱ्याने विचारले, 'कामगार जिवंत कसा राहील?' प्रश्न बदलला की यंत्र बदलते.

आपल्या जिल्ह्याला तर हा धडा फार पूर्वीच मिळालेला आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. सोय होती, तळे होते, ठरावही होता. तरी पाणी भरता येत नव्हते आणि त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. सोय बांधणे ही एक गोष्ट आणि ती माणसाच्या हाती पडणे ही दुसरी. नगररचनेच्या पुस्तकांत ही दुसरी गोष्ट मोजण्याची रीत अजून नीट बसलेली नाही.

वास्तविक 'आधी पाहणी, मग आराखडा' हे तत्त्व जुनेच आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे विद्वान १९१४ नंतर हिंदुस्थानात फिरले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक तेच होते. गल्लीबोळ पाडून सरळ रस्ते काढण्याच्या वेडाला त्यांचा विरोध होता. रोग्याची तपासणी केल्यावाचून औषध देऊ नये, तसे लोक कसे राहतात, कशावर जगतात हे पाहिल्यावाचून नकाशा काढू नये, असे ते सांगत. म्हणजे नगराचे संशोधन समाजापासून सुरू करावे ही शिकवण मुंबईतच शंभर वर्षांपासून उपलब्ध आहे.

ती किती पाळली गेली? नवी मुंबईकडे पाहावे. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. कल्पना बुद्धिमान होती यात शंका नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. शहराच्या रस्त्यांचा, रेल्वेचा, घरांचा बारीक अभ्यास झाला. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी माणसे जमीन गेल्यावर काय करतील, याचा अभ्यास मात्र त्या मानाने दुबळा राहिला. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. देशभर तिचा अभ्यास होतो आणि तो योग्यच आहे. पण तिचे माप लक्षात घ्या. जमीन जितकी गेली त्या प्रमाणात भूखंड. ज्याची मुळात जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जात होता, त्याच्या बुडालेल्या रोजगाराला हे माप लावता येत नाही. शून्याचे साडेबारा टक्के शून्यच.

यानंतर वारे पेणकडे वळले. २००५-०६ पासून उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील ४५ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेले 'सेझ', उभारण्याची योजना पुढे आली. प्रा. एन. डी. पाटील आदी नेत्यांनी विरोध संघटित केला. विरोधाचे एक मोठे कारण पाणी होते. पेण तालुक्यातील हेटवणे धरण सिंचनासाठी बांधले गेले. धरण झाले, पण लाभक्षेत्रातील शेतापर्यंत कालवे पोहोचायच्या आतच तीच जमीन प्रकल्पासाठी मागण्यात आली. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. जमीन द्यायची की नाही असे शासनाने शेतकऱ्याला मतपत्रिकेवर विचारावे, ही या देशात अपूर्व गोष्ट होती. मतदान करणाऱ्यांचा कौल विरोधात होता हे सर्वांना माहीत होते. भूसंपादन पुढे मुदतीत पुरे झाले नाही आणि प्रकल्प बारगळला.

या घटनेचा अभिमान आम्हालाही आहे. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या दिवशी मत देणारे होते खातेदार. सातबारावर नाव असलेला तो मतदार. गावाबाहेरच्या वस्तीतला मजूर, डोंगराकडच्या वाडीतला कातकरी, भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात काम करणारा रंगारी, यांचे भवितव्यही त्याच मतपेटीत होते, पण त्यांच्या हाती मतपत्रिका नव्हती. कातकरी समाज शासनदरबारी आदिम जमात म्हणून नोंदलेला आहे. त्यातील कितीतरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर निघून जातात. ज्या महिन्यांत पाहणी करणारे अधिकारी येतात त्या महिन्यांत ते वाडीवर सापडतही नाहीत. न सापडलेला माणूस अहवालात येत नाही.

हेटवण्याचे पाणी पुढे कुठे गेले? मोठा हिस्सा नळांतून सिडकोच्या क्षेत्राला, म्हणजे नवी मुंबईकडे गेला. आणि त्याच तालुक्यातील खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूच्या गावांत, बायाबापड्यांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली, हंडे घेऊन मोर्चे काढले. समुद्राच्या उधाणाने खारबंदिस्ती फुटली की शेतही खारे आणि विहीरही खारी. नवी मुंबईच्या घरात गळती शोधणारे मीटर बसवणे हे स्मार्ट संशोधन म्हणवते. धरणाच्या पायथ्याच्या तालुक्यात हंडाभर पाणी का नाही, हा प्रश्न कोणत्या प्रयोगशाळेच्या यादीवर आहे? शहराची हद्द नकाशावर जिथे संपते तिथे त्याचा हिशेब संपत नाही. पाणी, वाळू, माती, खडी आणि मजूर हे सर्व हद्दीबाहेरूनच येते.

आता हमरापूरकडे वळू. मध्य रेल्वेच्या पनवेल-रोहा मार्गावरचे हे स्थानक, मुंबई-गोवा महामार्ग जवळ, पेण शहर शेजारी. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांची ओळख म्हणजे गणेशमूर्तींचे कारखाने. येथून कच्च्या मूर्ती, म्हणजे रंग न दिलेल्या, राज्यभर जातात आणि रंगवलेल्या मूर्ती परदेशापर्यंत. काम वर्षातले बहुतेक महिने चालते. साचा बनवणारा वेगळा, साच्यात माल भरणारा वेगळा, जोड घासून पॉलिश करणारा वेगळा, रंग मारणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा सर्वांत मानाचा. बायकांचा यात मोठा वाटा आहे. घराच्या पडवीत, शेडमध्ये, मुले सांभाळत हे काम होते. मजुरी नगावर किंवा रोजावर मिळते आणि बऱ्याच हातांची नोंद कोणत्याही वहीत नसते.

हा उद्योग काही कोणी आराखड्यात आखलेला नव्हता. तो वाढला कारण येथे स्वस्त जागा होती, मूर्ती वाळवायला मोकळे अंगण होते, मुंबईची बाजारपेठ जवळ होती आणि मागच्या अंगणात शिकलेली कला पुढच्या अंगणात जात होती. हे सारे जमिनीच्या भावाशी जोडलेले आहे. भाव वाढला की सर्वांत आधी अंगण जाते. कारखानदाराकडे जमीन असेल तर त्याला मोबदला मिळेल, पण त्याच्या शेडमधल्या बारा हातांना काय? प्लास्टरच्या मूर्तींवरील वादाने हे हात आधीच घाबरलेले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनंतर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये मूर्ती बनवण्याची मुभा मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनावरचे निर्बंध मात्र राहिले. पाण्यात सहज विरघळणारे, पण शाडूसारखे जड व ठिसूळ नसलेले स्वस्त साहित्य शोधणे, हे या पट्ट्याच्या दृष्टीने खरे 'संशोधन आणि विकास' ठरेल. रंगकामाच्या वेळी उडणारी धूळ व वाफ कामगाराच्या छातीत जाऊ नये अशी स्वस्त सोय शोधणे हेही त्यातच येते. त्याला कॅमेऱ्यांचे जाळे लागत नाही.

शहर मात्र थांबून राहिलेले नाही. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या २७० गावांचे 'नैना' क्षेत्र जाहीर झाले. तेथील नगररचना योजनेत जमीनमालकाला ४० टक्के भूखंड मिळतो व उरलेली जमीन रस्ते, सुविधा आणि विक्रीसाठी जाते. २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढली आणि पेण तालुका पूर्णपणे तिच्यात आला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी महानगर प्राधिकरणाची नियुक्ती झाली. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर ती दूरची वाटते. एकत्र पाहिली तर शहर आपल्या बांधापर्यंत आलेले दिसते.

शहर नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याने गावगाड्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर शब्द उच्चारले ते सर्वश्रुत आहेत. आपले पूर्वज गिरणीत, गोदीत, रेल्वेत गेले आणि शहराने त्यांना शाळा दिली, संघटना दिली. म्हणूनच नवे शहर येताना आपण त्याच्या दारात रखवालदार आणि सफाईवाले म्हणूनच उभे राहणार की त्याचे प्रश्न ठरवणाऱ्यांत बसणार, याची आम्हाला काळजी वाटते.

माहितीच्या मालकीचा प्रश्नही येथे थोडक्यात सांगतो. कॅनडातील टोरांटो शहरात गूगलच्या मालक कंपनीची एक शाखा २०१७ पासून किनाऱ्यावर स्मार्ट वस्ती उभारणार होती. खांबाखांबावरून गोळा होणारी माहिती कोणाची, यावरून नागरिक भांडले. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन प्रकल्प सोडला. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण शासनाला त्यात सवलती बऱ्याच आहेत. शिकलेल्या तरुणांनी हा कायदा वाचून वस्तीत समजावून सांगावा.

त्याहून निकडीचा आहे तो २०१३ चा भूसंपादन कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला. जुन्या १८९४ च्या कायद्यात मालकालाच काय ती किंमत होती. नव्या कायद्यात 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. जमीन नसलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीर, जो संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करून मुख्यतः त्यावरच पोट भरत होता, तोही बाधित ठरतो. कारागीर हा शब्द कायद्यातच आहे. हमरापूरच्या आखणीवाल्याने तो लक्षात ठेवावा. या कायद्यानुसार संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे लागते, गावात जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावा लागतो. तो तपासणाऱ्या तज्ज्ञ गटात दोन बिनसरकारी समाजशास्त्रज्ञ व पंचायतीचे दोन प्रतिनिधी असावे लागतात. मात्र पळवाटाही आहेत. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना या मूल्यमापनातून सूट देण्याची तरतूद केली. शिवाय जमीन थेट वाटाघाटीने विकत घेतली, किंवा नगररचना योजनेत एकत्र करून वाटली, तर ते या अर्थाने संपादनच ठरत नाही आणि मूल्यमापनाचा प्रश्नच उद्भवत नाही. नगररचना योजनेत हरकती-सूचनांची मुदत असते, पण ती राजपत्रात व वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापली जाते. वस्तीत रोज एकाने वर्तमानपत्राचे ते पान पाहण्याची जबाबदारी घेणे, हे काम लहान वाटले तरी लहान नाही.

आणि तीन वर्षे काम केल्याचा पुरावा? येथे आमच्या विद्यार्थ्यांना करण्यासारखे काम आहे. समाजशास्त्र, भूगोल, वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत आपापल्या वस्तीची व जवळच्या कारखान्यांची पाहणी करावी. कोण कोणत्या शेडमध्ये किती वर्षांपासून काम करतो, नगावर की रोजावर, वर्षातले किती महिने, घर कोणाच्या जागेवर आहे, पाणी कुठून येते, कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात भट्टीवर जाते, हे साध्या वहीत तारखेसह उतरवावे. बायकांचे काम 'मदत' म्हणून लिहू नये, काम म्हणूनच लिहावे. ज्याची माहिती घेतली त्याला ती वाचून दाखवून त्याची संमती घ्यावी आणि त्याच्या परवानगीवाचून ती वही कोणाच्या हाती देऊ नये. मजुरीच्या चिठ्ठ्या, ई-श्रम कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले यांच्या प्रती प्रत्येक कुटुंबाने जपून ठेवाव्यात. ग्रामसभेत ही पाहणी मांडून तिची इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली, तर पुढे सुनावणीच्या वेळी ती नुसती तोंडी तक्रार राहत नाही. पाहणीला सुरुवात दिवाळीनंतर लगेच करावी, म्हणजे वाड्यांवरील माणसे भट्ट्यांवर जाण्याच्या आत भेटतील.